पॅटन बघायला नगरला जाताय? मग सुरुवात शर्मनपासून करा

ठिकाण: कॅव्हलरी टँक म्युझियम, अहिल्यानगर
वेळ लागतो: नुसतं फिरायला पाऊण तास, समजून घ्यायला तीन तास
आमचे गुण: पाचपैकी साडेचार

लष्कराच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने (रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्राने) फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारलेलं हे संग्रहालय. पन्नासच्या आसपास चिलखती वाहनं उघड्यावर मांडली आहेत, रोल्स रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडीपासून भारतात बनलेल्या विजयंता रणगाड्यापर्यंत. बहुतेक लोक आत शिरले की थेट पाकिस्तानकडून पकडलेल्या पॅटन रणगाड्यापाशी जातात, फोटो काढतात आणि 'केवढं धूड आहे' म्हणून पुढे सरकतात. हा क्रम चुकीचा आहे. इथले रणगाडे जोडीने बघायचे असतात. कोण कोणासमोर उभा होता ते कळलं, तरच या लोखंडाला अर्थ येतो.

पहिली जोडी आपला शर्मन आणि पाकिस्तानचा पॅटन, दोन्ही अमेरिकी बनावटीचे. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या १ आर्मर्ड डिव्हिजनने कसूरकडून सीमा ओलांडली आणि पंजाबातलं खेमकरण घेतलं. पुढे बियास नदीवरचा पूल गाठून अमृतसर तोडायचं, हा बेत. समोर आपली ४ माउंटन डिव्हिजन होती, तीही आदल्या दोन दिवसांत मार खाऊन मागे आलेली. तिच्या दिमतीला डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे शर्मन होते. शर्मन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं यंत्र, वजन तीस-बत्तीस टन, बाजूची चिलखत पातळ आणि उंची इतकी की लपायचं म्हटलं तरी पंचाईत. पॅटन ४६ टनांचा, ९० मिलिमीटर तोफेचा. कागदावर ही लढत व्हायलाच नको होती.

आता पॅटनच्या बुरुजाकडे वळा. दोन्ही बाजूंना कानांसारखे फुगवटे दिसतील. त्यांत पल्ला मोजणाऱ्या दुर्बिणीची दोन टोकं असतात. गनरने (तोफ डागणाऱ्याने) दोन डोळ्यांनी दोन प्रतिमा जुळवायच्या, त्यावरून अंतर काढायचं. मोकळ्या मैदानात दोन किलोमीटरवरून मारा करायला हे उत्तम. पण उपकरण नाजूक, शिकायला वेळ खाणारं आणि दोन्ही डोळ्यांची नजर सारखी नसलेल्या माणसाला निरुपयोगी. ही लढाई झाली त्या असल उत्तर गावाभोवती तर पुरुषभर उंचीचा ऊस उभा होता. तिथे दोन किलोमीटर दिसणार कसं? कमांडर बघण्यासाठी हॅच, म्हणजे बुरुजावरचं झाकण, उघडून डोकं वर काढत होते आणि गोळ्या खात होते. लांबून मारणारं यंत्र जवळच्या लढाईत ओढलं की त्याची अर्धी किंमत जाते, हे त्या दोन फुगवट्यांपाशी उभं राहिलं की नीट उमगतं.

आपला बचाव घोड्याच्या नालेसारखा मांडलेला होता, उघडं तोंड शत्रूकडे. रणगाडे उसात दडवलेले, इंजिनं बंद, पॅटन आत येईपर्यंत तोफा गप्प. कालवे फोडून शेतांत पाणी सोडलं. पॅटनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांची रुंदी पाहून घ्या, मग ४६ टन भार ओल्या पंजाबी मातीत कसा बसला असेल याचा अंदाज बांधा. बाजूने वळसा घालणारे रणगाडे रुतले. रुतलेल्या रणगाड्याची बाजू समोर आली की जुना शर्मनही पुरेसा. पॅटनचं इंजिनही पेट्रोलचं, खादाड. पुरवठ्याच्या गाड्या मागे अडकल्या, की धडधाकट यंत्र जागीच बसायचं. असे कित्येक सोडून दिलेले मिळाले. भारतीय मोजणीनुसार ८ ते १० सप्टेंबरच्या लढाईत पाकिस्तानने ९७ रणगाडे गमावले. पकडलेले रणगाडे भिखीविंडजवळ रांगेने उभे केले, तेव्हा त्या जागेचं नावच पॅटननगर पडलं.

डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अरुण श्रीधर वैद्य. या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं, १९७१ मध्ये दुसरं, आणि पुढे ते लष्करप्रमुख झाले. मुलांना शर्मनपाशी थांबवायला हे एक नाव पुरतं.

दुसरी पायरी सेंच्युरियन. ५१ टन, वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पॅटनपेक्षा मंद. असल उत्तरला आपल्या ३ कॅव्हलरी रेजिमेंटकडे हेच होते. २० पौंडी तोफ, नेम धरायची साधी सोय, कामचलाऊ प्रशिक्षणातही चालणारी पद्धत. जड चिलखत पुढून किती तिरकी ठेवली आहे ते बाजूने उभं राहून बघा. पुना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर याच रणगाड्यांची तुकडी घेऊन सियालकोट आघाडीवर लढले, परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. मात्र हेही ध्यानात असू द्या: तिथे चढाई आपली होती आणि चविंडापाशी ती अडली. तेच सेंच्युरियन, तेच पॅटन, बाजू उलट. चढाई करणाऱ्याला किती अडचणी असतात हे खेमकरणइतकंच चविंडा शिकवतं. आपल्याकडच्या लेखांत मात्र ते हळूच गाळलं जातं.

एएमएक्स-१३ कडे लोक फारसे थांबत नाहीत. खरं तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. जेमतेम पंधरा टन, माणसं तीन. बुरूज दोन तुकड्यांचा, वरचा तुकडा तोफेसकट वर-खाली हलतो. तोफ बुरुजात पक्की असल्यामुळे मागे सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती पिंपं बसवता आली, गोळे भरणारा वेगळा माणूस लागेनासा झाला. गोम अशी की बारा गोळे संपले की पिंपं भरायला आडोशाला जायचं, कारण ते काम बाहेरून करावं लागतं. आपल्या ८ कॅव्हलरीने हे रणगाडे १९६५ मध्ये वापरले. दडून मारा करून पळायला झकास, समोरासमोर उभं राहायला अजिबात नाही.

आपला पीटी-७६ आणि पाकिस्तानचा चॅफी ही जोडी पूर्वेकडची. २१ नोव्हेंबर १९७१, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं गरीबपूर. पीटी-७६ पाण्यावर तरंगतो, म्हणून चिलखत अगदी पातळ. बंगालच्या ओल्या जमिनीत मात्र १४ टनांचं हलकेपण कामी आलं. पाण्यात पुढे सरकण्यासाठी मागे पाणी फेकणारी दोन तोंडं शोधा.

पाकिस्तानचा टाइप-५९ आणि आपला टी-५५ लांबून जुळे वाटतात. ओळखायची खूण अशी: टाइप-५९ च्या बुरुजावर पंख्याचं छोटं घुमटाकार झाकण असतं, टी-५५ ला ते नसतं. राजस्थानातल्या लोंगेवालाला ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी आपल्या हंटर विमानांनी टिपले त्यांत टाइप-५९ होते. रात्रभर समोर आपले जेमतेम १२० जवान, पण काटेरी तारेपलीकडे सुरुंग असतील या शंकेने रणगाडे थबकले आणि उजाडलं. आकाशात पाकिस्तानचं स्वतःचं विमान एकही नाही. मागे जाऊन इंजिनावरची पातळ झाकणं बघा, वरून आलेल्या तोफगोळीला तिथे अडवणारं काही नाही.

अर्धा गुण कशासाठी कापला? रणगाड्यांचं संग्रहालय रणगाड्यांचीच गोष्ट सांगणार. असल उत्तरच्या कामगिरीत मात्र जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या आरसीएल (रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या) तोफेचाही मोठा वाटा आहे. ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदांनी तीच वापरली. सुमारे २१० किलोची नळी, वर जोडलेली छोटी नेमबाज बंदूक. आधी तिची गोळी मारायची, ती लक्ष्यावर चमकली की लगेच मोठा गोळा. धक्का बसू नये म्हणून वायू मागे फेकला जातो आणि तिथे धुळीचा लोट उठतो. म्हणजे पहिल्या गोळ्यालाच जागा उघडी पडते, जीप तत्काळ हलवावी लागते. हमीद १० सप्टेंबरला अशाच माऱ्यात पडले. हे वाचून गेलात तर पॅटन वेगळा दिसतो.

जायचं कसं: पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. परिसर लष्करी, ओळखपत्र जवळ ठेवा, वेळ आणि सुट्टी आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात सकाळीच जा, दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. टोपी, पाणी आणि मोबाइलमध्ये खेमकरण ते बियासचा नकाशा, एवढं सामान पुरे. वर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. आणि परतण्याआधी पुन्हा एकदा शर्मनपाशी जाऊन त्याची उंची पॅटनशी ताडून बघा.