रंगाखाली लपलेला केज : ट्रॅक कारच्या सेफ्टी फिटिंगमध्ये झालेली फसवणूक

बेळगावच्या उद्यमबागेत तपासणीला आलेली ती जुनी हॅचबॅक वरवर पाहता देखणी होती. आत पांढराशुभ्र रोल केज (गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेला पाइपांचा सांगाडा), लाल सहा पट्ट्यांचा हार्नेस म्हणजे शर्यतीचा सीट बेल्ट, अंगाला घट्ट धरणारी बकेट सीट, सीटपुढे आग विझवायची बाटली आणि काचेखाली वीज तोडणाऱ्या कट-ऑफ स्विचची खूण असलेला निळ्या त्रिकोणाचा स्टिकर. खानापूर तालुक्यातल्या मालकाने हे सगळं सीमेपलीकडच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलं होतं. ‘एफआयए ॲप्रूव्ह्ड आहे, एफएमएससीआय पास होणार’ या शब्दावर पैसे मोजले होते. (एफआयए ही मोटर स्पोर्टची जागतिक संघटना, एफएमएससीआय ही भारतातली.) पॅडिंग सोडवलं, सीट उतरवली, चार ठिकाणी रंग खरवडला, तेव्हा कळलं की सांगितल्याप्रमाणे बसवलेली वस्तू त्यात जवळजवळ नाहीच. बेळगाव, निपाणी, चिकोडी, गोकाक भागातली बरीच मुलं आता ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानावरची वेळेची शर्यत) आणि ट्रॅक डेसाठी (रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) गाड्या बांधायला लागली आहेत, म्हणून काय निघालं आणि ते कसं ओळखायचं हे सविस्तर लिहितो आहोत. या कामात फसल्याची किंमत मणक्याने चुकवावी लागते.

आधी त्या ‘ॲप्रूव्ह्ड’चं बघू. गॅरेजमध्ये एकाच गाडीसाठी मापं घेऊन बांधलेल्या केजला एफआयए मान्यता देत नाही. असा केज एफआयएच्या नियमावलीतल्या ॲपेंडिक्स जे, कलम २५३-८ मधल्या मापांनुसार बांधलेला असतो किंवा नसतो, एवढंच. आणि पास-नापास स्पर्धेच्या ठिकाणी स्क्रुटिनिअर, म्हणजे गाड्या तपासणारा अधिकारी, ठरवतो. वर्कशॉपवाला आधीच ‘पास सर्टिफिकेट’ देतो म्हणाला, तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

सगळ्यात मोठी चोरी पाइपमध्ये होती. नियमाप्रमाणे पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढून बनवलेला, बिनजोडाचा), साध्या कार्बन स्टीलचा, किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणबलाचा लागतो. ड्रायव्हरच्या मागच्या मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकीच्या पाइपांना ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमी. या गाडीत सगळीकडे ३८ मिमीचा, तोही १६ गेजचा, म्हणजे जेमतेम १.६ मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू पाइप निघाला. मुख्य कमानसुद्धा त्याचीच. ईआरडब्ल्यू म्हणजे पत्रा वळवून लांबीत जोडलेला पाइप. फर्निचर, ग्रिल, शेडच्या कामाला तो उत्तम, पण केजसाठी नियमात बसत नाही. कापलेल्या तोंडातून बॅटरी मारून पाहिलं की आतल्या बाजूने सरळ रेघेसारखा जोडाचा उंचवटा दिसतो, नखाला लागतो. काही कारखान्यांत तो आतून तासून काढतात, त्यामुळे रेघ दिसली नाही म्हणजे सीमलेस, असं धरून चालू नका.

जाडी पकडायचा सोपा मार्ग वजनाचा आहे. बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६, म्हणजे मीटरला किलो. ३८ × २.५ चा पाइप मीटरला सुमारे २.१९ किलो भरतो, ३८ × १.६ चा फक्त १.४४ किलो. पंचवीस मीटरमागे जवळपास १९ किलोचा फरक पडतो. पाइप गाडीत जाण्याआधी स्वतः काट्यावर ठेवा. ४५ × २.५ चा मीटरला २.६२ किलो यायला हवा. कटिंगचे दोन तुकडे मागून घ्या, त्यांवर मार्करने तारीख आणि सही घाला. बेळगावात याबाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. फाउंड्रीचं गाव असल्याने धातूची घडण सांगणारा स्पेक्ट्रोमीटर, ताणबलाची चाचणी, अल्ट्रासॉनिक जाडीमापक या गोष्टी इथे रोजच्या वापरातल्या आहेत. केज बसून रंग झालेला असला तरी जाडीमापकाने पाच मिनिटांत पाइपची भिंत मोजता येते. तुकडा द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे काम देऊ नका.

पाइप कसा वाकवलाय तेही बघा. वाकवायचा तो थंडच, आणि वळणाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी, म्हणजे ४५ मिमीच्या पाइपला १३५ मिमी. वळणावर व्हर्नियर लावून लहान आणि मोठा व्यास मोजा. लहानाला मोठ्याने भागून उत्तर ०.९ च्या खाली आलं तर तो पाइप चेपला आहे. या गाडीत ए-पिलरच्या (पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या) वळणावर आतल्या बाजूला तीन सुरकुत्या होत्या. प्लंबरच्या जॅक बेंडरवर पातळ पाइप वाकवला की असंच होतं. गाडी उलटली की मोडणारी पहिली जागा तीच.

आता वेल्डिंग. छताजवळच्या सांध्यांत वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही, म्हणून पाइपच्या खालच्या तीन बाजूंनाच टाका पडतो आणि छताकडची बाजू उघडी राहते. नीट काम करणारा माणूस केज आधी टॅक करतो, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरता जोडतो, तळाच्या पत्र्याला भोकं पाडून पूर्ण केज खाली उतरवतो, वरून पुरता टाका मारतो, मग केज उचलून पायांखाली प्लेटा घालतो. वेळ जातो, पण दुसरा इलाज नाही, नाहीतर छत कापावं लागतं. या गाडीत ती कटकट टाळून उघड्या फटीत पुट्टी भरली होती आणि पॉलिश पेपर मारून रंग दिला होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावताच नखाएवढी कपची निघाली, खाली पिवळसर पुट्टी, तिच्याखाली काळा न वितळलेला पाइप. छताकडच्या बाजूला बोट फिरवा, पोहोचत नसेल तर लहान आरसा नाहीतर मोबाइलचा कॅमेरा घाला. छोटं चुंबक धाग्याला बांधून सांध्यावरून फिरवलं तर पुट्टीच्या जागी त्याची ओढ कमी पडते. शंका असलेल्या सांध्याचा रंग काढून डाय पेनिट्रंट (बारीक भेगा दाखवणारा रंग) मारून घ्या, फाउंड्रीतल्या क्वालिटीवाल्यांना ते रोजचं काम आहे. म्हणूनच नियम असा ठेवा की रंग किंवा पावडर कोटिंगच्या आधी एकदा पूर्ण केज उघडा बघायचा, प्रत्येक सांध्याचा फोटो घ्यायचा, आणि तोवर पुढचा हप्ता द्यायचा नाही.

केजचे पाय तर थेट तळाच्या पत्र्यावर चिकटवले होते. तो पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. उलटताना अख्ख्या गाडीचं वजन त्या पायावर येतं आणि पाय पत्रा फाडून खाली जातो. त्यासाठी प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्राची, ३ मिमी जाड प्लेट बॉडीला वेल्ड करायची असते. बोल्टचा केज असेल तर प्रत्येक पायाला किमान तीन एम ८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट काढून टाका. खानापूर, जांबोटीकडच्या गाड्यांना आणखी एक तपासणी लागते, कारण तिथल्या पावसात मॅटखालचे पत्रे कुजलेले असतात. डांबरी शीट पूर्ण खरवडून हातोडीने पत्रा वाजवून बघा, आणि कुजका भाग बदलल्याशिवाय प्लेट लावू देऊ नका.

पॅडिंग म्हणून एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम होता. अंगठ्याने दाबला की थेट पाइप लागतो. हेल्मेट जिथे आपटू शकतं तिथे एफआयए ८८५७-२००१ टाइप ए चं पॅडिंग लागतं. ते हाताला कडक लागतं आणि अंगठ्याने सहजासहजी दबत नाही. आपटण्याचा जोर ते शोषून घेतं, मऊ फोम तो जोर तसाच पुढे डोक्यापर्यंत पोहोचवतो. याच कारणाने केज असलेली गाडी हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालवू नये. ट्रेलरवर किंवा टेम्पोतून न्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावरच्या गाडीतल्या अशा बदलांना कायद्याचीही अडचण आहे.

हार्नेसची फसवणूक आम्हाला सगळ्यात वाईट वाटली, कारण ती जाणूनबुजून, सुई-दोऱ्याने केलेली होती. मुदत संपलेल्या हार्नेसवर नवं लेबल शिवलं होतं. लेबलाच्या कडेने पाहिलं तर नव्या टाक्यांच्या बाहेर जुन्या सुईच्या छिद्रांची दुसरी ओळ दिसत होती, आणि दोऱ्याचा रंग बाकीच्या शिलाईपेक्षा वेगळा होता. ॲडजस्टर सरकवला तेव्हा त्याखालचा पट्टा गडद लाल आणि उघडा भाग विटलेला निघाला. नव्या हार्नेसमध्ये असा फरक असू शकत नाही. ऊन लागून पॉलिस्टरच्या धाग्याची ताकद कमी होते, म्हणूनच मुदत असते. सध्याचं एफआयए मानक ८८५३-२०१६, त्याच्या लेबलावर होलोग्राम आणि मुदतीचं वर्ष असतं. लेबल एकाच नव्हे, प्रत्येक पट्ट्यावर बघा. लेबलावरचा होमोलोगेशन, म्हणजे मान्यतेचा, क्रमांक एफआयएच्या संकेतस्थळावरच्या टेक्निकल लिस्ट ५७ मध्ये मोफत तपासता येतो. सीटचं मानक ८८५५-१९९९ असेल तर लिस्ट १२. हार्नेसवर एफआयएऐवजी अमेरिकेतल्या एसएफआय संस्थेच्या १६.१ मानकाचा टॅग असेल तर मुदत तारखेपासून दोनच वर्षांची.

खरा हार्नेससुद्धा चुकीचा बसवला तर उपयोगाचा नाही. इथे खांद्याचे पट्टे मागच्या तळाला बांधले होते, खूप तिरके. धडकेत असे पट्टे खांद्याला खाली खेचतात आणि तो दाब सरळ मणक्यावर येतो. पट्टे सीटच्या वरच्या कडेपासून मागे जवळपास आडवे जायला हवेत. ४५ अंशांपेक्षा जास्त उतार चालत नाही. त्यासाठी केजमध्ये खांद्यामागे आडवा पाइप घालतात आणि पट्टा त्याला गुंडाळून तीन दांड्यांच्या बकलमधून परत उलटा ओवतात. हे उलटं ओवणं विसरलं की पट्टा झटक्यात सरकतो. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. मांड्यांमधल्या पट्ट्यांचे सोडले तर प्रत्येक अँकरने, म्हणजे पट्टा गाडीला अडकवायच्या जागेने, १४७० डेकान्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा ओढा सोसायचा असतो. त्यामुळे नव्या अँकरखाली किमान ४० चौरस सेंटीमीटर, ३ मिमी जाड प्लेट हवी. इथे आयबोल्टखाली फक्त वॉशर होता.

सीटही तशीच. मूळ गाडीच्या सरकत्या रुळांवर बकेट बसवली होती. नियमाप्रमाणे चार ठिकाणी किमान ८ मिमीचे बोल्ट, ब्रॅकेट स्टीलचे असतील तर ३ मिमी, ॲल्युमिनियमचे असतील तर ५ मिमी जाड. सीट धरून जोरात हलवा. सगळी गाडी हलली पाहिजे, सीट नाही.

आगीची बाटली प्लास्टिकच्या क्लिपमध्ये होती. गाडी उलटली की ती डोक्यावर येणार. दोन धातूचे पट्टे, पटकन सुटणारे, आणि २५ जी चा (वजनाच्या पंचवीसपट) झटका सोसणारं फिटिंग लागतं. क्षमता पावडर असेल तर २ किलो, एएफएफएफ, म्हणजे फेस करणारं द्रव, असेल तर २.४ लिटर. बाटलीवर आयएसआय चिन्ह, आयएस १५६८३ आणि खाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. रिफिलच्या स्टिकरवर जाऊ नका, किराणा दुकानाच्या काट्यावर एकूण वजन करा आणि बाटलीवर छापलेल्या वजनाशी ताडा.

कट-ऑफ स्विच तपासायला तर काहीच लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवा आणि स्विच फिरवा. इंजिन बंद पडलंच पाहिजे. या गाडीत पडलं नाही, कारण बसवला होता ट्रॅक्टरला लावतात तसा दोन टर्मिनलचा. तो बॅटरी तोडतो, पण फिरणारा अल्टरनेटर इग्निशनला वीज देतच राहतो, वर व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जळायची भीती. ट्रॅकच्या गाडीला जादा टर्मिनलचा आणि रेझिस्टर असलेला स्विच लागतो. धडकेनंतर पेट्रोल सांडलेलं असताना मार्शल पहिल्यांदा तोच फिरवतो.

व्यवहाराबद्दल. मालकाकडे फक्त ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद होता. पक्कं बिल घ्या, आणि त्यावर ‘केज काम’ एवढं नको. पाइपचा प्रकार, व्यास, जाडी, हार्नेसचं मानक आणि मुदतीचं वर्ष लिहून घ्या. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे कर्नाटकला २९, महाराष्ट्राला २७. वर्कशॉप कोल्हापूरकडचं आणि क्रमांक २९ ने सुरू होणारा, तर विचारा. पैसे टप्प्याने द्या: पाइप मोजल्यावर, उघडा केज बघितल्यावर, आणि शेवटचा हप्ता स्विचची चाचणी झाल्यावर.

फसलाच असाल तर राज्याची सीमा आडवी येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वर्कशॉप महाराष्ट्रात असलं तरी खानापूरचा माणूस बेळगावात दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. हार्नेससारखी वस्तू ऑनलाइन ठगाकडून घेऊन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर.

एक काळजी मात्र घ्या. ‘आणून द्या, बदलून देतो’ म्हणून वर्कशॉप गाडी किंवा हार्नेस परत मागेल. देऊ नका. तोच पुरावा आहे. आधी फोटो, जाडीच्या मापाचा लेखी अहवाल, कापलेले तुकडे आणि हार्नेस पिशवीत सीलबंद. तक्रारीचा निकाल लागला की तो हार्नेस भंगारात टाकण्याआधी पट्टे मधोमध कापा, म्हणजे पुन्हा कुणी त्यावर लेबल शिवून दुसऱ्याच्या गाडीत बसवणार नाही.