अक्कलदाढ: काढावी की राहू द्यावी?

फोंड्याच्या मावसभावाची दाढ सुजली ती नेमकी चतुर्थीत. समोर नेवऱ्यांचं ताट आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. एक्स-रेत दिसलं, खालची अक्कलदाढ पुढे कलून शेजारणीला टेकलेली, अर्धी हिरडीखाली.

अशी दाढ काढलेलीच बरी. हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकतं, सूज पुन्हा पुन्हा येते, शिवाय शेजारची चांगली दाढ किडते ती वेगळीच. ही दाढ साधारण १७ ते २५ व्या वर्षी येते. त्या वयात मुळं पुरती वाढलेली नसतात, जखमही लवकर भरते. त्रास आहेच: चार दिवस पेजेवर, स्ट्रॉ आणि सिगारेट बंद. नाहीतर रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडतं, आणि ती कळ मूळ दाढदुखीहून वाईट.

उलट, दाढ पूर्ण हाडात झोपलेली, दुखत नाही, वय चाळिशीपुढचं आणि मुळं जबड्याच्या नसेला लागून असली, तर मी तरी हात लावू देणार नाही. ओठ बधिर होण्याची भीती असते. फक्त अधूनमधून एक्स-रे काढत राहायचा.

भाऊ अजून लवंग दाबून बसलाय. बांबोळीच्या दंत महाविद्यालयात म्हणे सोमवारी जाणार.