सात पुरुषांच्या दुकानात बहिणींची पत्रं: ‘फाउंडर्स ऑनलाइन’ वापरून पाहिलं

पोस्टातून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. काउंटर, सॉर्टिंग, बचत बँक असं बत्तीस वर्षं सगळं केलं. त्यातली शेवटची बारा-पंधरा वर्षं पोत्यात पत्रं कमी आणि बँकांच्या नोटिसाच जास्त. म्हणून भाचीने पुण्याहून फोन केला, “मावशी, अडीचशे वर्षांपूर्वीची पत्रं फुकट वाचायला मिळताहेत, बघ तरी,” तेव्हा त्याच दुपारी बसले. अमळनेरात मे महिन्याच्या दुपारी दुसरं करणार काय? कूलरमध्ये पाणी भरायचं आणि लाइट जाईपर्यंत वाचायचं.

संस्थळाचं नाव ‘फाउंडर्स ऑनलाइन’. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेबरोबर ते २०१३ साली सुरू केलं. पैसे नाहीत, खातं उघडायला नको, जाहिराती नाहीत, ओटीपी नाही. एवढ्यासाठीच एक तारा देऊन टाकते. आत एक लाख ऐंशी हजारांहून जास्त कागद आहेत. पण पहिलं पान उघडलं की समोर सात माणसं, अमेरिकेचे संस्थापक, म्हणजेच फाउंडर्स: वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, हॅमिल्टन, जॉन जे, जेफरसन, मॅडिसन. एकही बाई नाही. मी भाचीला म्हटलं, हे तर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान दिसतंय. ती म्हणाली, आत जा, मागच्या खोलीत साड्या आहेत.

आहेत, पण त्या मागून घ्याव्या लागतात. पत्र लिहिणाऱ्याच्या रकान्यात ‘अ‍ॅडम्स, अ‍ॅबिगेल’ आणि घेणाऱ्याच्या रकान्यात ‘क्रँच, मेरी’ असं टाकलं की बहिणी-बहिणींचा ढीग पुढ्यात येतो. फक्त तुम्हाला सासरची आडनावं माहीत हवीत. वेमथ नावाच्या गावातल्या पाद्री विल्यम स्मिथच्या या तीन मुली. थोरली मेरी क्रँचांकडे दिली. मधली अ‍ॅबिगेल, तिने १७६४ साली जॉन अ‍ॅडम्सशी लग्न केलं, तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. धाकटी एलिझाबेथ आधी शॉ, मग नवरा वारल्यावर १७९५ साली दुसरं लग्न करून पीबडी. म्हणजे एकाच बाईला दोन कप्प्यांत शोधायचं. मला हसू आलं. बचत बँकेच्या काउंटरला अर्धा दिवस माझा यातच जायचा. पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बाई शपथेवर सांगतेय की मी तीच.

आता मालाबद्दल. अ‍ॅबिगेलचं एक पत्र जगाला ठाऊक आहे: ३१ मार्च १७७६, नवऱ्याला, नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा. जिथे तिथे तेवढंच छापतात. त्याने उत्तर दिलं की तुझे कायदे वाचून हसूच आलं. तिथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. इथे तारखेप्रमाणे पुढे सरकलं की २७ एप्रिलचं पत्र लागतं, मैत्रिणीला, मर्सी ओटिस वॉरनला लिहिलेलं. त्यात ती सांगते, मी बायकांच्या तक्रारींची यादी पाठवली तर हा माझ्याशी आगाऊपणा करतोय, आपण दोघी मिळून काँग्रेसकडेच, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधी सभेकडेच, अर्ज करू या. नवरा हसला तर आपण काय करतो? शेजारणीकडे जातो. हे दुसरं पत्र वाचल्यावर पहिल्याचा आवाजच बदलला माझ्यासाठी. आधी ते मला भाषणासारखं वाटायचं.

त्या काळातलं टपाल समजून घेतल्याशिवाय ही पत्रं नीट कळत नाहीत, आणि हा माझा धंदाच, म्हणून सांगते. तिकिटं नव्हती, अमेरिकेत ती १८४७ साली आली. पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे. आपण ज्याला बेरंग म्हणतो तसं, फक्त दंड नाही, तीच रीत. १७९२ च्या कायद्याने दर कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर: एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ४५० मैलांच्या पुढे २५. दोन कागद असतील तर दुप्पट. पाकीट वापरलं तर तोही एक कागद, म्हणून पाकीटच नाही. त्याच कागदाची घडी घालायची, लाखेने चिकटवायची, वर पत्ता. शिवाय कोणी त्या बाजूला निघालं की त्याच्या हाती द्यायचं, आपण एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतो तसं. आणि देतानाच मनात धाकधूक, की वाटेत कोण उघडून वाचेल.

१७८४ साली अ‍ॅबिगेल बोस्टनहून जहाजाने युरोपला निघाली, नवऱ्याकडे. मुलीला बरोबर घेतलं आणि दोन धाकटी पोरं, चार्ल्स आणि थॉमस, धाकट्या बहिणीकडे हेवरहिलला ठेवली, शिकायला. मावशीकडे शिकायला ठेवणं! आमच्या चाळीसगावच्या मावसभावाने आमच्याकडे राहून दहावी केली, हे वाचताना तोच डोळ्यांपुढे. मग चार वर्षं एलिझाबेथ पोरांची खबर कळवतेय, मेरी मागच्या घरादाराकडे लक्ष ठेवतेय, आणि अ‍ॅबिगेल तिकडून बहिणींना सविस्तर लिहितेय. जहाजावरचं पत्र तर रोजच्या रोज थोडं थोडं लिहिलेलं, मेरीसाठी. उलट्या, घाण, ती साफ करून घ्यायला हिनेच खलाशांमागे लागणं. दुधासाठी गाय बरोबर घेतली होती. वादळात ती जायबंदी झाली आणि शेवटी समुद्रात सोडावी लागली.

गाईवरून मला आमची तांबडी गाय आठवली. हे जरा विषय सोडून आहे, पण त्याशिवाय मी या संस्थळाला एवढे तारे का देतेय ते कळणार नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची. मायला लिहिता येत नव्हतं, मावशीलाही नाही. मावशी सुरतेला लिंबायतमध्ये, मावसा मागावर कामाला. माय सांगायची आणि मी निळ्या आंतर्देशीयवर लिहायची, शेजारी आजी, म्हणजे मायची सासू, सुपारी कातरत बसलेली. तिकडे मावशीला पत्र वाचून दाखवायचा तिचा जेठ, म्हणजे मोठा दीर. म्हणजे दोन बहिणींच्या मध्ये एक पोर, एक सासू आणि एक जेठ. मग माय काय सांगणार? “लिख, आठे सम्दं बरं शे.” विहिरीने तळ गाठलेला, बाप रोजगार हमीच्या खडीवर, आणि मी लिहितेय सगळं बरं आहे. पण कधीकधी माय शेवटी म्हणायची, “लिख, तांबडी गाय आटनी.” मी लिहायची. आमच्याकडे तांबडी गाय नव्हती. दोन बकऱ्या होत्या. मला वाटायचं माय विसरली असेल. पंधरा-वीस दिवसांनी सुरतेहून मनिऑर्डर यायची, दहा रुपये, कधी पंधरा. हे गणित मला कळलं ते पोस्टात लागल्यावर, एका बाईला मनिऑर्डर देताना. खरं बोलणं व्हायचं ते आखाजीला, मावशी माहेरी आली की, निंबाला बांधलेल्या झोक्यावर, आम्हा पोरांना हाकलून.

त्यामुळे वॉशिंग्टनहून मुलीला लिहिलेलं २१ नोव्हेंबर १८०० चं पत्र वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून दिला थोडा वेळ. अ‍ॅबिगेल राष्ट्राध्यक्षाची बायको म्हणून नव्या राजधानीतल्या नव्या घरात राहायला गेली, ज्याला आता व्हाइट हाउस म्हणतात. जाताना बाल्टिमोरहून पुढे रस्ता चुकला, आठ-नऊ मैल भलतीकडेच. घर प्रचंड, पण पुरं बांधलेलंच नाही. मुख्य जिना चढवायचा राहिलाय. नोकरांना बोलवायला घंटा नाहीत. चहूकडे जंगल आणि जाळायला लाकूड मिळत नाही, कारण तोडायला आणि वाहून आणायला माणसं नाहीत. कुंपण नाही, परसदार नाही. मग पाहुण्यांना भेटायचा जो मोठा अर्धवट दरबार, त्यात ती धुणं वाळत घालते. आणि हे सगळं लिहून मुलीला बजावते: हे तुझ्यापाशीच ठेव, कोणी विचारलं तर सांग की आई लिहिते, जागा फार सुंदर आहे.

आठे सम्दं बरं शे.

फरक इतकाच की तिला दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिता आल्या. तिची पोर स्वतः वाचणारी होती. आमच्याकडे खरी गोष्ट गाईच्या पोटात घालून पाठवावी लागे.

आता उणं काय ते. इथे पत्रांचा मजकूर टंकलेला आहे, मूळ कागदाची छायाचित्रं नाहीत. माझ्यासारख्या बाईला पत्र म्हणजे घडी, शाई, कोपऱ्यात कोंबलेला शेवटचा निरोप. त्यासाठी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीचं संस्थळ बघा. तिथे जॉन आणि अ‍ॅबिगेलची अकराशेच्या वर पत्रं मूळ हस्ताक्षरात दिसतात आणि घड्यांच्या खुणा तर इतक्या स्पष्ट की मी हाताने तसाच कागद दुमडून पाहिला. पण ती नवरा-बायकोची. बहिणींसाठी परत सात पुरुषांच्याच दुकानात यायचं. दुसरं, सगळं इंग्रजीत, आणि तेही जुन्या वळणाचं. मी बी.ए. आहे तरी डोकं खाजवावं लागलं. एका भाषांतराच्या अ‍ॅपवर टाकून पाहिलं, तर १७७५ साली अ‍ॅबिगेलने नवऱ्याकडे टाचण्यांचा पुडा मागितलाय, युद्धामुळे टाचण्या मिळेनात म्हणून, त्याचं ‘पिनांचे गाठोडे’ करून दिलं. पोस्टातल्या बाईला पिन म्हणजे सहा आकडेच सुचणार.

तळटीपा मात्र खऱ्याच कामाच्या. पत्रात नुसतं ‘काकू’ लिहिलेलं असलं तरी ही कोणाची कोण ते खाली सापडतं. एवढंच की गावातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे मायसाठी मोठ्या अक्षरात एक पत्र छापायला दिलं, तर त्याने टीपांसकट अकरा पानं काढली आणि पाच रुपये पानाने पंचावन्न घेतले. त्यात पत्र चारच पानं. तुम्ही तेवढा भाग निवडून छापायला सांगा.

आणखी एक. इथे लेखन सुधारलेलं नाही, जसं आहे तसं ठेवलंय. अ‍ॅबिगेलच्या नातवाने १८४० साली तिची पत्रं छापली तेव्हा शब्द नीटनेटके करून छापली होती. इथे तिच्या चुका शाबूत आहेत, आणि शाळेत न गेलेल्या बाईच्या चुका म्हणजे तिचा आवाज. फ्रँकलिनची बहीण जेन मेकम घ्या. १७१२ चा जन्म, पंधराव्या वर्षी लग्न, बारा लेकरं. तिचं लग्न व्हायच्या आधी भावाने १७२७ साली लिहिलं होतं की तुला चहाचं मेज पाठवणार होतो, पण चांगल्या गृहिणीला चरखा बरा, तोच पाठवतो. (असे भाऊ सगळीकडे असतात.) जेन कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायची आणि त्याबद्दल माफी मागायची. भाऊ ४ जुलै १७८६ ला लिहितो, चिंता करू नकोस, उच्चाराप्रमाणे लिहिलेलंच बरोबर, आणि एक किस्सा सांगतो. हे पत्र मला फ्रँकलिनच्या कागदांच्या दुसऱ्या संस्थळावर मिळालं. एका साहेबाला चिठ्ठी आली: ब्राउन घरी नव्हता, निरोप त्याच्या ‘वाय-एफ’ला दिला. साहेबाला कळेना, मडमेला कळेना. मग बेटी नावाच्या कामवालीला बोलावलं. ती चकित. म्हणाली, वाय-एफ म्हणजे ‘वाइफ’, दुसरं काय होणार?

आमच्या ऑफिसात एक म्हातारे पोस्टमन होते, ते आमचे बेटी. पत्त्यावर कोणी अहिराणीत, शाळेत न शिकलेल्या हाताने, काना-मात्रा सोडून गावाचं नाव लिहिलेलं. आम्ही डोळे फोडून थकायचो, आरएलओला, म्हणजे पत्ता न लागलेल्या पत्रांच्या ऑफिसला, पाठवायच्या ढिगात टाकायचो. ते उचलायचे, ओठातल्या ओठात मोठ्याने वाचायचे आणि बरोबर बीटमध्ये नेऊन टाकायचे. डोळ्यांनी नाही, कानाने वाचा, एवढंच सांगायचे. जेनची पत्रं मी तशीच वाचली, मोठ्याने, आणि निम्मी अडचण गेली.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पाटीसाठी.

ते अकरा पानांचं पत्र मी रात्री गच्चीवर मायला वाचून दाखवलं, जमेल तसं अहिराणीत करून. माय आता शहाऐंशीची. बाजेवर पडून ऐकत होती, बाजूला दिवसभर वाळवलेले बिबडे चादरीत गुंडाळून ठेवलेले. रस्ता चुकला त्यावर काही बोलली नाही. लाकडं मिळत नाहीत त्यावर “हं” म्हणाली. दरबारात धुणं वाळत घातलं तिथे उठून बसली.

“दोरी कोठे बांधी व्हती तिनी?”

मी म्हटलं, माय, ते लिहिलेलं नाही. खाली टीपांतही नाही.

जरा वेळ गेला. मग म्हणाली, “खिडकीना गजले बांधी व्हई,” आणि परत आडवी झाली.