न बदललेल्या फ्युएल पंपाचे ९,७०० रुपये

गाडी सिग्नलला थरथरते, बंद पडते, अशी तक्रार घेऊन आजही कुणीतरी गॅरेजच्या दारात उभं असेल आणि "पंप गेलाय" हे उत्तर ऐकत असेल. मीही तेच ऐकलं, विश्वास ठेवला, पैसे मोजले. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा तो पंप बदललाच नव्हता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही साताऱ्याचे. आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी महिन्यातून एकदा पुण्याला जावं लागतं. गाडी पेट्रोलची, २०१३ची. फेब्रुवारीत तिचा त्रास सुरू झाला. हायवेला छान पळायची, पण वेग कमी करून क्लच दाबला की इंजिन अडखळायला लागायचं. आरपीएमचा काटा एरवी ८००च्या आसपास स्थिर असतो. तो ५००पर्यंत घसरायचा आणि पुन्हा उसळायचा. एसी चालू असला तर हमखास बंद. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर दोनदा बंद पडली, दुसऱ्या वेळी पाठीमागे ट्रक होता. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग दगडासारखं जड होतं आणि एकदोनदा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. मागच्या सीटवरून आई "काय झालं गं?" विचारत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी गॅरेज गाठलं. मोठं, चकचकीत, ओळखीच्यांनी सुचवलेलं. तिथलं पहिलं काम प्रामाणिक होतं, हे मुद्दाम सांगते. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडून आतली काजळी मला दाखवली, साफ केली, चार प्लग बदलले, जुने प्लग माझ्या हातात दिले. ३,६०० रुपये झाले. गाडी आठवडाभर बरी चालली. माझा विश्वास बसला तो याच कामामुळे. मग पुन्हा तेच सुरू झालं आणि या वेळी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला.

स्कॅनर लावून मालकाने कोड दाखवला, पी०१७१. म्हणाला, "मॅडम, मिक्श्चर लीन आहे. पेट्रोल कमी पडतंय. फ्युएल पंप कमजोर झालाय. ते इथेनॉलचं पेट्रोल आलंय ना, त्याने असे किती पंप गेलेत बघा." वीस टक्के इथेनॉलबद्दल जुन्या गाड्यांचे मालक आधीच धास्तावलेले, त्यामुळे मला ते लगेच पटलं. पंपाचे ८,५०० आणि मजुरी १,२००. पक्कं बिल मागितलं तर "त्यावर अठरा टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच?" म्हणाला. कच्च्या पावतीवर मी गप्प बसले. ही माझी चूक, आणि ती मला महागात पडली. जुना पंप मागितला तेव्हा "भंगारात गेला" हे उत्तर आलं. दिवा विझला होता, गाडी स्लोवरही, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभ्या जागीही, टिकत होती. मी पैसे पाठवले आणि घरी आले.

पाच दिवसांनी दिवा परत लागला. आता निदान बदललं, थेट इंजिनाच्या कॉम्प्युटरवर गेलं: "ईसीएम खराब आहे, बावीस हजार, दहा ॲडव्हान्स द्या." त्या दिवशी मी गाडी तिथून बाहेर काढली.

कोरेगाव रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री बसतात. वडिलांच्या स्कूटरपासून त्यांची ओळख. त्यांनी हत्याराला हात लावण्याआधी मला बसवून घेतलं आणि विचारलं, "ताई, परत येताना खंबाटकी चढताना दम तोडते का?" मी म्हटलं, नाही, घाटात तर एकदम झकास ओढते. ते म्हणाले, "मग पंपाचं काय नाय. पंप कमजोर असंल तर गाडी चढाला मरंल. तिथं पेट्रोल जास्त लागतंय. तुमची मरतीया उभ्या जागी. ही कुठंतरी हवा खातीया."

हे एवढं वाक्य मला त्या चकचकीत गॅरेजमध्ये कुणी सांगितलं असतं तर! आमच्या गाडीत एअर फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो. तो जेवढी हवा मोजतो त्या हिशेबाने कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो. सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये एखादा रबरी पाईप फाटला तर तिथून न मोजलेली हवा आत घुसते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. गाडी उभी असताना इंजिनाला मुळात हवा थोडी लागते, त्यामुळे ही चोरटी हवा भारी पडते. वेगात इंजिन भरपूर हवा ओढत असतं, तिथे तिचा हिस्सा नगण्य. म्हणून हायवेला सगळं ठीक आणि टोलनाक्यावर बंद. पी०१७१ हा कोड मिश्रण पातळ आहे एवढंच सांगतो. कोणता पार्ट खराब आहे हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

मिस्त्रींनी स्वतःचा छोटा स्कॅनर लावून आकडे दाखवले. गाडी स्लोवर असताना कॉम्प्युटर नेहमीपेक्षा २४ टक्के जास्त पेट्रोल सोडत होता. २,५०० आरपीएमला तोच आकडा ४ टक्क्यांवर आला. पंप कमजोर असता तर उलट झालं असतं. मग त्यांनी इंजिनाजवळ कान नेला आणि इंजिनाच्या वरच्या झाकणापासून (व्हॉल्व्ह कव्हर) हवा आत नेणाऱ्या नळ्यांकडे (मॅनिफोल्ड) जाणाऱ्या रबरी ब्रीदर पाईपच्या वाकणाखाली अंगठा दाबला. थरथर थांबली. अंगठा काढला, सुरू झाली. परत दाबला, थांबली. मी डोळ्यांनी बघितलं. पाईप काढल्यावर खालच्या बाजूला पेराएवढी चीर दिसली, वरून कधीच न दिसणारी. (काही जण संशयाच्या जागी कार्ब क्लीनर मारून बघतात. गरम इंजिनावर ते घरी करू नका, आग लागते.) नवा पाईप ३८० रुपये, मजुरी ३००. स्लो वाढवण्यासाठी थ्रॉटलचा स्टॉपर स्क्रू कुणीतरी पिळून ठेवला होता, तोही त्यांनी जागेवर आणला. म्हणजे गॅरेजने स्क्रू पिळून स्लो वाढवला होता आणि कोड पुसून दिवा घालवला होता. कोड पुसला तरी बिघाड जात नाही, म्हणून दिवा चार-पाच दिवसांत परत येतो.

मी सहज म्हटलं, "निदान पंप तरी नवा आला." मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी मागची सीट उचलली. आमच्या गाडीत पंप त्या सीटखाली, पत्र्याच्या गोल झाकणाखाली असतो. झाकणावर धुळीचा सलग थर होता, बोटाचा ठसासुद्धा नव्हता. एका स्क्रूवर हिरवं काहीतरी वितळून चिकटलं होतं. माझ्या मुलीचा मेणखडू. गेल्या उन्हाळ्यात तिने तो सीटच्या फटीत हरवला होता आणि त्यासाठी दोन दिवस रडली होती. ते मेण स्क्रूच्या खाचेत भरून झाकणावर पसरलं होतं, आणि त्याला कुठे साधा तडाही गेला नव्हता. तो स्क्रू फिरवल्याशिवाय पंप बाहेर येऊच शकत नाही. मला पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त लागली: हा पंप नवा आहे या भरवशावर मी आईला घेऊन पुण्याला निघणार होते, आणि त्या माणसाला ते माहीत होतं.

तुमच्या गाडीचं असं होत असेल तर पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी कोणत्या टेस्टवरून निदान केलं ते विचारा. पंपाचं नाव घेतलं तर गेज लावून पेट्रोलचं प्रेशर समोर मोजायला सांगा. गाडी सोडतानाच "जुना पार्ट परत हवा" असं मेसेजमध्ये लिहून ठेवा, नंतर मागू नका. पंपाच्या झाकणाचा फोटो आधी काढा. आणि जीएसटी भरा, पण पक्कं बिल घ्या.

मालकाने आधी "मुलांनी चूक केली" म्हटलं, मग फोन घेणं बंद केलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पोस्टाने नोटीसही पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पक्कं बिल नाही, पण यूपीआयचा व्यवहार आहे, "पंप बदलून झाला" हा त्याचा मेसेज आहे. फायलीत सगळ्यात वर त्या झाकणाचा फोटो लावला आहे. झाकण अजून उघडलेलं नाही, आयोगाचं काम होईपर्यंत कुणाला उघडूही देणार नाही.