आऊटबोर्डला बाइकचं ‘सगळ्यात भारी’ ऑईल घातलं: सात महिन्यांनंतरचं मत

चौथ्या महिन्यात मोटरने भर पाण्यात दगा दिला, म्हणून हे लिहायला बसलो. मोटर म्हणजे होडीच्या मागे लावतात ती आऊटबोर्ड: पंधरा हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालणारी. ज्यांच्याकडे आहे त्यांना याहून जास्त वर्णन नको.

त्या दिवशी दोन तास गळ ओढत अगदी हळू चालवली होती. परतताना थ्रॉटल पूर्ण उघडला. पाच-सात मिनिटं छान धावली आणि एकदम हिसका बसून आवाजच बदलला. एक सिलिंडर मेला होता. वारा सुटलेला, पुतण्याने वल्ही हातात घेतली आणि मी झाकण काढून ठिणगी पाडणारे प्लग खोलले. खालचा ठीक होता. वरच्याच्या दोन टोकांमध्ये राखाडी रंगाचा एक बारीक पूल तयार झाला होता. केसाएवढाच, पण ठिणगी उडायला फट उरली नव्हती. काजळी असती तर फडक्याने पुसली गेली असती. हा नखानेही निघेना. चाकूच्या टोकाने खरवडला तेव्हा वाळूच्या कणासारखा करकरला. प्लग परत बसवला आणि अर्ध्या थ्रॉटलवर किनारा गाठला.

आता ऑईलबद्दल. मी घातलं होतं फुल सिंथेटिक, जपानी जासो मानकातलं एफडी दर्जाचं. माझा हिशोब सरळ होता: एफबीच्या वर एफसी, एफसीच्या वर एफडी, म्हणजे एफडी सर्वांत चांगलं. पैसे जास्त गेले तरी मोटरसाठी काटकसर नको, असं स्वतःला बजावून घेतलं होतं. पहिले तीन महिने मी खूशही होतो. धूर जवळजवळ नाही, दुसऱ्या ओढीला सुरू. दोघा-तिघांना हेच घ्या म्हणून सांगितलंही. ते मत मी इथे जाहीरपणे मागे घेतो.

मेकॅनिकने प्लग उजेडात धरला आणि विचारलं, “दादा, बाइकचं ऑईल घालताय का?” त्याने सांगितलेलं नंतर वाचून पडताळलं आणि पटलं. बाइक, करवत, गवत कापायचं मशीन ही इंजिनं हवेने थंड होतात आणि खूप तापतात. त्या उष्णतेत पिस्टन स्वच्छ राहावा म्हणून त्यांच्या ऑईलमध्ये कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगं असतात. ती जळली की राख उरते. आऊटबोर्डमध्ये बाहेरचं गार पाणी सतत फिरत असतं. त्या पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅटच साधारण ५० ते ६० अंशांना उघडतो, आणि हळू चालवताना तर इंजिन आणखी थंड. तिथे ही राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर साचत जाते आणि एक दिवस फुल थ्रॉटल दिला की सुटून नको तिथे अडकते. प्लगवर अडकली तर मोटर बंद पडते एवढंच. पिस्टनवर तापून लाल झाली तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. मी स्वस्तात सुटलो.

एफबी, एफसी, एफडी ही शिडी खरी आहे, पण ती दुसऱ्या घराची आहे. त्या चाचण्या हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनांवर होतात. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं मानक वेगळं: टीसी-डब्ल्यू३. ते अमेरिकेतल्या एनएमएमए या बोट-उत्पादकांच्या संघटनेचं आहे आणि त्यातला डब्ल्यू पाण्याचाच. या ऑईलमध्ये राख सोडणारे धातू नसतात, पिस्टनच्या रिंगा चिकटतात का हे खऱ्या आऊटबोर्डवर चालवून बघतात आणि गंज रोखण्याचीही चाचणी असते. खाऱ्या हवेत महिना-महिना उभ्या राहणाऱ्या मोटरला ती शेवटची गोष्ट किती लागते हे सांगायला नको.

मग मी साधं मिनरल, म्हणजे सिंथेटिक नसलेलं, टीसी-डब्ल्यू३ आणलं. त्याआधी दुकानात अर्धा तास वाद झाला. समोर ठेवलेल्या डब्यावर बोटीचं चित्र, मोठ्या अक्षरात ‘मरीन’. मागे बघितलं तर एफसी-डब्ल्यू. ते फोर-स्ट्रोक मोटरच्या तळात भरायचं ऑईल आहे, पेट्रोलमध्ये मिसळायचं नव्हेच. दुकानदार म्हणत राहिला, “सगळं एकच असतं हो.” एकच नसतं. चित्र बघून डबा उचलू नका. मागची बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठी करा.

नव्या ऑईलवर माझी एकच तक्रार आहे आणि ती मी तीन महिने करतोय: डब्याला मापाची पारदर्शक पट्टी नाही! अख्खा डबा काळा. माझ्या मोटरला पेट्रोल-ऑईलचं प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिलि ऑईल. टाकी २४ लिटरची, तिला ४८० मिलि. एका लिटरच्या डब्यात दोन टाक्या होऊन ४० मिलि उरतं. हे ४० मिलि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोक सरळ ओतून टाकतात किंवा डब्यासकट फेकतात. मी प्रत्येक डबा रात्रभर एका बाटलीवर उलटा ठेवतो. बारा डब्यांत एका टाकीच्या पेट्रोलला पुरेल एवढं ऑईल त्यातून निघेल. कंपनीने बाजूला बोटभर पट्टी सोडली असती तर काय बिघडलं असतं? बाइकच्या त्या डब्याला होती. तेवढं एक त्याचं चांगलं होतं.

धुराबद्दल मत दोनदा बदललं. मिनरल घातल्यावर पहिल्या आठवड्यात इतका धूर दिसला की परत जुन्याकडे वळावंसं वाटलं. मग मधे एक डबा सेमी-सिंथेटिक टीसी-डब्ल्यू३ वापरून बघितलं. धूर खरंच कमी झाला, प्लग मात्र दोन्हींत सारखेच निघाले, फिकट तपकिरी आणि कोरडे. म्हणून मी मिनरलवर परत आलो. दिवसभर हळूच चालवणाऱ्याने, धूर अंगावर घेत बसणाऱ्याने सेमी घ्यावं, त्यात पैसे वाया जात नाहीत. पण धूर कमी म्हणजे ऑईल चांगलं, हे मी आता मानत नाही. माझा सगळ्यात कमी धूर त्या बंद पडायच्या महिन्यांत होता.

काही डब्यांवर ‘१००:१ चालेल’ असं असतं. ऑईल निम्म्यावर येतं, मलाही मोह झाला. पण क्रँकच्या बेअरिंगला या इंजिनात पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑईलशिवाय दुसरा आधार नाही. मोटरच्या पुस्तकात ५०:१ असेल तर ५०:१च. जुन्या मोटरींना २५:१ लागतं, त्यांनी तर डब्याकडे बघूच नये. आणि थेट इंजेक्शनची टू-स्ट्रोक असेल तर नुसतं टीसी-डब्ल्यू३ बघूनही भागत नाही, कंपनीने सांगितलेलंच ऑईल घालावं.

मिसळताना आधी ऑईल, मग अर्धं पेट्रोल, टाकी हलवून घ्यायची, मग उरलेलं. माझ्या ऑईलला निळा रंग आहे, त्यामुळे नळीतून येणारं पेट्रोल निळसर दिसलं की टाकीत ऑईल पडलंय हे कळतं. इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, म्हणून लागेल तेवढंच मिसळतो.

बदलताना जुनी टाकी पूर्ण रिकामी केली, दोन्ही प्लग नवे घातले. सातव्या महिन्यात परवा पुन्हा खोलून बघितले, फट स्वच्छ होती. एफडीचं सव्वा लिटर उरलंय. ते गवत कापायच्या मशीनला घालतो, तिथे ते उत्तम चालतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. डब्यावर मार्करने मोठं लिहून ठेवलंय, ‘होडीला नाही’, कारण पुतण्याच्या हाताला तोच डबा आधी लागतो.