प्रोस्टेटसाठी सुपर की धंतोलीतला युरॉलॉजिस्ट?

वडिलांना प्रोस्टेटमुळे (मूत्राशयाखालची ग्रंथी) लघवीचा त्रास आहे, नागपुरात कुठं दाखवू असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितो. सुपर म्हणजे मेडिकलशी (सरकारी मेडिकल कॉलेजशी) जोडलेलं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, तिथं युरॉलॉजी म्हणजे लघवीच्या आजारांचा विभाग आहे, खर्च खूप कमी आणि ऑपरेशन लागलंच तर महात्मा फुले योजनेत बसतं का तेही विचारता येतं. पण ओपीडीची लाइन लांब, ज्या म्हाताऱ्या माणसाला सारखी बाथरूम लागते त्याला ते बसणं फार जड जातं हो, सोबत कोणीतरी पाहिजेच.

धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टरांची अपॉइंटमेंट लवकर मिळते, सोनोग्राफी न् युरोफ्लो (लघवीच्या धारेचा वेग मोजतात ती तपासणी) जवळपासच होऊन जातं, फक्त खिसा बघावा लागतो. पाटीवर एमसीएच किंवा डीएनबी युरॉलॉजी ही डिग्री आहे का ते नक्की बघा. आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), लघवी झाल्यावर आत किती उरते हे काहीच न तपासता कोणी थेट ऑपरेशन म्हटलं तर दुसरं मत घ्याच, प्रोस्टेटच्या साध्या (कॅन्सर नसलेल्या) वाढीत बऱ्याच लोकांचं टॅमसुलोसिनसारख्या गोळीवर भागतं.

त्रास हळूहळू वाढणारा असेल तर मी आधी सुपरच म्हणेन. लघवी पूर्ण अडकली तर मात्र तुलना करत बसू नका, जवळ जे हॉस्पिटल असेल तिथं लगेच न्या, कॅथेटर (लघवी काढायची नळी) टाकावा लागतो.