एसएसडीवर विंडोज आणि हार्ड डिस्कवर कामाच्या फाइली: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मी सांगलीत घरूनच अक्षरजुळणी आणि पानांच्या मांडणीचे काम करते. दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि मधूनच एखादा कवितासंग्रह, असे या कामाचे स्वरूप आहे. जानेवारी २०२५ मध्ये मी माझ्या संगणकात २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर फाइली साठवणारी डिस्क, बसवून घेतली, तिच्यावर नव्याने विंडोज ११ घातले आणि आधीची १ टीबीची हार्ड डिस्क फाइलींसाठी आतच राहू दिली. या दोन डिस्कांवर कोणती गोष्ट कुठे ठेवायची याचा मी जानेवारीत केलेला विचार आणि आज ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्षात असलेली व्यवस्था यांत बराच फरक पडला आहे. तो का पडला, हे अशीच रचना करू पाहणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते.

वेगाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. माझ्यासारख्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या असतात आणि प्रत्येक फाइलसाठी वाचणारी सुई जागा बदलत राहते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात, म्हणून सगळा वेळ त्या हालचालीत जातो. एसएसडीत हलणारा भागच नसतो. माझा संगणक पूर्वी काम करण्याजोगा व्हायला अडीच मिनिटे घेत असे, आता वीस-बावीस सेकंदांत तयार होतो. एकच मोठी फाइल उघडताना मात्र इतका फरक जाणवत नाही, आणि म्हणूनच जुनी, क्वचित लागणारी कामे हार्ड डिस्कवर ठेवण्यात काहीच गैरसोय नाही. विंडोजमध्ये २५६ जीबीच्या जागी २३८ आणि १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसले तर फसवणूक झाली असे समजू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली चूक बसवतानाच झाली आणि ती मला मार्चमध्ये कळली. ज्या तंत्रज्ञाने एसएसडी बसवली त्याने दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवूनच विंडोज घातले होते. संगणक सुरू करून देणारा जो लहानसा भाग असतो, ज्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात, तो जुन्या डिस्कवर आधीच्या विंडोजमुळे होताच. नव्या विंडोजने तोच वापरला. मार्चमध्ये धूळ साफ करताना मी हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली आणि संगणक चालू केला, तर पडद्यावर सुरू होण्याजोगी डिस्कच नसल्याचा संदेश आला. म्हणजे विंडोज एसएसडीवर असूनही संगणक जुन्या हार्ड डिस्कवरच अवलंबून होता. ती बंद पडली असती तर धडधाकट एसएसडीसुद्धा काही उपयोगाची राहिली नसती. त्या वेळी केबल पुन्हा लावून मी काम पुढे चालू ठेवले. आपल्याकडे असे झाले आहे का, हे विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट ही डिस्कांची यादी उघडल्यावर लगेच कळते: ईएफआय असे लिहिलेला चौकोन कोणत्या डिस्कच्या ओळीत आहे, एवढेच पाहायचे. विंडोज घालताना ज्या डिस्कवर घालायचे ती एकटीच जोडलेली असावी, हे मी आता कोणालाही सर्वांत आधी सांगते.

फाइली हलवण्यासाठी मी विंडोजने दिलेला सरळ मार्ग वापरला. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन असा टॅब असतो. तिथून ते फोल्डर डी ड्राइव्हवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, नेता येतात आणि सॉफ्टवेअरना ते जुन्याच नावाने सापडत राहतात. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. डी ड्राइव्हवर आधी वेगळा फोल्डर तयार करावा आणि मगच त्याचा पत्ता द्यावा. नुसते डी ड्राइव्हचे नाव दिले तर संपूर्ण ड्राइव्हच डॉक्युमेंट्स बनतो आणि ते पूर्ववत करताना पुष्कळ मनस्ताप होतो. यूजर्स हा अख्खा फोल्डर किंवा प्रोग्राम फाइल्स दुसऱ्या डिस्कवर नेण्याच्या युक्त्याही सांगितल्या जातात. त्या मी केल्या नाहीत आणि कोणी करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण विंडोजच्या पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी अशी रचना अडथळा ठरू शकते. सी ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर, जागा हवी असेल तर हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याची सोय) बंद करणे हा त्याहून सुरक्षित उपाय आहे. माझ्या १६ जीबी रॅमच्या संगणकावर त्या एका लपलेल्या फाइलने सहा जीबीहून अधिक जागा अडवली होती.

चालू काम कुठे ठेवावे, याबाबत माझे मत दोनदा बदलले. दिवाळी अंकाच्या एका फाइलला साठ-सत्तर चित्रे जोडलेली असतात आणि पाने पुढे-मागे करताना ती सतत वाचली जातात, म्हणून मी चालू अंकाचा फोल्डर एसएसडीवर आणला आणि रोज रात्री आठ वाजता त्याची प्रत डी ड्राइव्हवर जावी अशी योजना ठरल्या वेळी कामे करून घेणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये रोबोकॉपी ही फाइलींची प्रत काढणारी आज्ञा घालून केली. सुरुवातीला त्या आज्ञेला मी मिररचा पर्याय दिला होता. त्याचा अर्थ असा की मूळ फोल्डरात जे नाही ते प्रतीतूनही पुसले जाते. एप्रिलमध्ये एका स्मरणिकेचा लेखांचा उपफोल्डर माझ्या हातून चुकून पुसला गेला, ते लक्षात येण्याआधीच रात्रीचे आठ वाजून गेले होते, आणि प्रतही तितक्याच निष्ठेने पुसली गेली होती. लेख ईमेलमध्ये होते म्हणून निभावले. दुरुस्त्या मात्र पुन्हा कराव्या लागल्या. तेव्हापासून मी मिरर न वापरता केवळ नवे आणि बदललेले तेवढे उतरवणारा पर्याय वापरते. जागा थोडी जास्त लागते, ती लागू द्यावी.

हार्ड डिस्क दुय्यम झाल्यावर आणखी एक गोष्ट जाणवू लागली. वीस मिनिटे तिच्याकडे कोणी पाहिले नाही की विंडोज तिला झोपवते. मग जुन्या अंकातील एखादे बोधचित्र उघडायला जावे, तर डब्यातून घुर्र असा आवाज येतो, सात-आठ सेकंद सगळे थिजते आणि सॉफ्टवेअर बंद पडले की काय अशी शंका येते. पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची वेळ शून्य केली की हा प्रकार थांबतो. विजेचा थोडा जादा खर्च मी पत्करला.

आता ऑगस्टकडे येते, कारण या सगळ्या व्यवस्थेची खरी परीक्षा तेव्हा झाली. गणपती आठवड्यावर आले होते आणि दोन दिवाळी अंकांची पाने अर्धीअधिक लागली होती. सकाळी संगणक चालू केला तेव्हा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ पडद्यावर, एसएसडीचे नावच दिसेना. केबल बदलून पाहिली, दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली, तरी ती कुठेच ओळखली जाईना. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा कुरकुर करते, मंदावते, आवाज बदलते. एसएसडी अशी कोणतीही चाहूल न देता गप्प होऊ शकते, हे मी वाचले होते, पण आठ महिन्यांच्या डिस्कबाबत ते घडेल असे वाटले नव्हते. हमीच्या मुदतीत असल्यामुळे डिस्क बदलून मिळणार होती, तथापि तिच्यावरचा मजकूर मिळणार नव्हता. थांबायला वेळ नव्हता, म्हणून त्याच दुपारी मी दुसरी एसएसडी आणली, हार्ड डिस्कची केबल आठवणीने काढून ठेवली आणि पेन ड्राइव्हवरून विंडोज घातले. ईएफआयचा तो जुना घोळ त्या दिवशी आपोआप मिटला. आदल्या रात्री आठपर्यंतचे सर्व काम डी ड्राइव्हवर होते. संध्याकाळी साडेसहाला मी पुन्हा पाने लावायला बसले.

तेवढ्यात दोन अडचणी आल्या. विंडोज घालताना पेन ड्राइव्हने डी हे अक्षर घेतले होते, त्यामुळे नंतर जोडलेली हार्ड डिस्क ई झाली, आणि अंकाच्या फाइली उघडताच प्रत्येक चित्राच्या जागी ते सापडत नसल्याची खूण दिसू लागली. साठ चित्रे एकेक करून पुन्हा जोडण्याची आवश्यकता नसते. पेन ड्राइव्ह काढून डिस्क मॅनेजमेंटमध्ये हार्ड डिस्कला पुन्हा डी हे अक्षर दिले आणि चालू कामाचा फोल्डर सी ड्राइव्हवर त्याच नावाने ठेवला, तेव्हा सगळी चित्रे जागच्या जागी आली. दुसरी अडचण परवानगीची होती. जुन्या खात्यातून हलवलेले डॉक्युमेंट्सचे फोल्डर नव्या खात्याला उघडू देईनात. कंटिन्यूवर टिचकी मारून मोठ्या फोल्डरासाठी बराच वेळ वाट पाहावी लागली, पण सर्व उघडले.

खरे नुकसान मात्र मी ज्यांना कधी फाइली मानलेच नव्हते त्या गोष्टींचे झाले. पहिली गोष्ट फाँटची. विंडोजमध्ये फाँटवर दोनदा टिचकी मारून तो बसवला की तो विंडोजच्या फाँट्स फोल्डरात जातो अशी माझी समजूत होती. सगळ्यांसाठी बसवा असे मुद्दाम सांगितले नाही, तर तो आपल्या खात्यातील ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात जाऊन बसतो. दोन्ही जागा सी ड्राइव्हवरच. गेल्या काही वर्षांत ग्राहकांनी पाठवलेले सुलेखनाचे कितीतरी फाँट मी असेच बसवले होते आणि पाठवलेली झिप फाइल नंतर टाकून दिली होती. युनिकोडमधला मजकूर फाँट नसला तरी दुसऱ्या फाँटमध्ये वाचता येतो, पण त्याआधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच बेतलेला असतो. २०१२ सालचा एक कवितासंग्रह मी उघडून पाहिला, तर पानभर रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे पसरलेली होती. कविता तिथेच होती आणि तरीही तिचा एक शब्द वाचता येत नव्हता. काही फाँट जुन्या ईमेलमधून मिळाले, काही एका मुद्रणालयाकडून परत मागवले, तीन अजून मिळालेले नाहीत. मंगल फाँटही नव्या विंडोजमध्ये सुरुवातीला दिसला नाही. मराठी भाषा जोडल्यावर तो उतरून आला, त्यामुळे त्याची काळजी नको.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. वर्डमध्ये एखाद्या शब्दाखाली लाल रेघ आली आणि तो शब्द बरोबर असला, की आपण तो शब्दकोशात घालतो. २०१६ पासून मी असे शब्द घालत आले होते: कृष्णाकाठच्या गावांची नावे, आडनावे, बोलीतले शब्द, हळदीच्या आणि द्राक्षांच्या व्यवहारातले शब्द, कवींनी घडवलेले जोडशब्द. मुद्रितशोधन करताना खऱ्या चुका नजरेस पडाव्यात म्हणून बरोबर शब्दांवरच्या रेघा नाहीशा करत गेलेले ते नऊ वर्षांचे काम होते. ते सारे एका साध्या मजकूर फाइलमध्ये असते, आकाराने काही केबी, आणि ती फाइलही ॲपडेटामध्येच. सव्वाचारशे जीबी मी जपून डी ड्राइव्हवर ठेवले होते आणि ही एवढीशी फाइल राहून गेली. डेस्कटॉप फोल्डरही मी हलवला नव्हता, त्यामुळे तिथे ठेवलेली दोन लेखकांची तपासून आलेली मुद्रिते गेली. ती त्यांनी न रागावता पुन्हा तपासून दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

जानेवारीत मी वाटणी आकारावर केली होती, मोठे ते हार्ड डिस्कवर आणि लहान ते एसएसडीवर. आता एकच प्रश्न विचारून वाटणी करते: ही वस्तू आज गेली तर पुन्हा मिळेल का? विंडोज पुन्हा मिळते, सॉफ्टवेअर पुन्हा मिळते, त्यांनी सी ड्राइव्हवर खुशाल राहावे. फाँट, शब्दकोश, ब्राउझरमधल्या खुणा, मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण बनवलेल्या रंगपट्ट्या आणि टेम्प्लेट यांची मूळ जागा सी ड्राइव्हच राहणार, पण त्यांची प्रत रोजच्या रोज डी ड्राइव्हवर गेलीच पाहिजे. डेस्कटॉपही आता डी ड्राइव्हवर आहे.

एकाच डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हेही मी जून महिन्यात घाबरल्यानंतर मान्य केले. डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये हार्ड डिस्कचा सी७ हा आकडा वाढताना दिसला आणि मला वाटले की डिस्क चालली. तो आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतील चुका मोजतो आणि बहुधा केबल सदोष असते. केबल बदलल्यावर तो जिथल्या तिथे थांबला. काळजी करावी अशा दोन ओळी वेगळ्या आहेत, जागा बदललेल्या सेक्टरांची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा लहान तुकडा) आणि प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची, आणि त्या माझ्या डिस्कवर अजून शून्य आहेत. तरीही तेव्हापासून दर रविवारी मी डी ड्राइव्हची प्रत २ टीबीच्या एका बाहेरच्या डिस्कवर घेते आणि ती डिस्क घरी न ठेवता विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या कपाटात ठेवते. २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

दोन्ही अंक सप्टेंबरच्या शेवटी छापायला गेले. शब्दकोशाची फाइल मी पुन्हा पहिल्यापासून भरत आहे. जुन्या पुस्तकांतून गावांची नावे एकत्र काढून एकदम घालता आली, बोलीतले शब्द मात्र लाल रेघ दिसेल तसे एकेक करून परत येत आहेत. काल रात्री आठ वाजता डी ड्राइव्हवर तिची प्रत गेली तेव्हा तिच्यात ६१२ शब्द होते.